वास कुणाचा

आबा, आज आमच्या भेस्तानच्या घरी मटण आलं ते काळ्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी झाकून. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. ते बघून मला पुन्हा तीच शिसारी आली. मटणाची नव्हे. खाटकाची लेक मी, रक्तामांसाची मला कधी किळस आली नाही. माणसांची येते.

परमुलखात, उधन्यात आजोबांनी दुकान टाकलं तेव्हा समोर चाळ नव्हती, नुसता चिखल होता. मटण कापायचा चिंचेचा ओंडका त्यांनी अमळनेरहून आणला आणि तिथे रोवला. मग कापडाचे लूम आले, लूममागे आपली खानदेशातली माणसं आली, चाळ उभी राहिली. आखाड संपता संपता हीच माणसं आपल्या फळीसमोर भांडायची, आधी मला म्हणून. समोरच्या चाळीतल्या मुकादमाची सून बाळंत झाली तेव्हा बकऱ्याचे पाये तुम्ही स्वतः भाजून, खरवडून तिच्यासाठी पाठवत होतात.

मग चौऱ्याण्णवचं प्लेगचं साल आलं. चाळ गावी पळाली आणि परतली ती नाक घेऊन. उकिरडा त्यांच्या दारात, गटार त्यांचं तुंबलेलं, वास मात्र आपल्या दुकानाचा! तुम्ही बिचारे फरशी घासताय, फिनेल ओतताय. तरी मुकादम चारजणांना घेऊन जागामालकाकडे गेला. एक तर खाटीक राहील, नाहीतर आम्ही. मालकानं तुम्हाला रस्त्यावरून उठवलं आणि मागच्या बोळात घातलं, चाळीच्या संडासाच्या भिंतीला लागून. गरज सरो, वैद्य मरो. पण यांची गरजही सरली नव्हती. पहिल्याच रविवारी मुकादम त्या बोळात येतो, नाकाला रुमाल, हातात भाजीची पिशवी. "मांडीनं देजो भाऊ, चरबी नको." आणि तुम्ही देता. निवडून देता. तो गेल्यावर मी तुमच्यावर केवढी चिडले.

तुम्ही सुरी पुसत म्हणालात, "आपलं काम कापानं शे पोरी, तोडानं नही."

मांस कापायचं, माणूस तोडायचा नाही; ज्यांना सांगते त्यांना हे वाक्य फार थोर वाटतं. मला त्याचीही शिसारी येते. त्या बोळात गिऱ्हाईक आटलं, तुमचा खोकला वाढला, आणि त्या भिंतीशेजारीच दुकानही संपलं, तुम्हीही. तेराव्याला मुकादम पंगतीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "इतलं चोख दुकान, कधी वास उना नही." वास आला नाही म्हणे! मी तेव्हा त्याच्याच पानात भात वाढत होते. भात वाढून मी पुढच्या पानाकडे सरकले.

तुम्हाला हे सांगून काय उपयोग, तुम्ही तर त्याला माफ करूनच गेलात. खरं म्हणजे हे पत्र त्यालाच लिहायचं होतं. तो अजून जिवंत आहे, उधन्यातच राहतो, रिक्षानं जाण्याइतका जवळ. पण त्याच्या तोंडावर बोलायची मला भीती वाटते, म्हणून तुम्हाला लिहिते.