बाबा, तुमच्या खिशातली चिनी चिठ्ठी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय. तेराव्याला सगळे तुमच्या फोटोसमोर काहीबाही बोलत होते, मी गप्प बसले होते. राग होता मनात. गेलेल्या माणसाचाही राग येतो, बाबा! पण काल टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, आपल्या भागातल्या त्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, मला तुमच्या मेईबाई भेटल्या. आज रविवार, समीर आणि इरा बाहेर गेलेत, आणि मी इराच्या जुन्या वहीची कोरी पानं काढून बसलेय. तुम्हाला काही विचारायचंय. जाब विचारायचाय म्हणा ना.

लहानपणापासून तुम्ही मला संशयी म्हणायचात. मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय मी कधी घेतली नाही, आणि आता दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायचाच मला पगार मिळतो. "हिला बरोबर नोकरी लागली," असं तुम्ही लग्नात समीरला म्हणाला होतात. मी हसले होते तेव्हा.

आई गेली आणि वर्षभराने मी तुम्हाला सांगलीहून इथे परदेशात आणलं. आठवतात ते पहिले दोन महिने? बस डेपोत जन्मभर इंजिनं उघडलेला माणूस अकराव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायचा. गॅस्केट, गिअरबॉक्स, क्लचप्लेट असे शंभर इंग्रजी शब्द तुम्हाला यायचे, पण वाक्य म्हटलं की तुम्ही माझ्याकडे बघायचात.

आणि मग अचानक मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले! चार वाजता इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, चपलांऐवजी बूट.

"कुठे निघालात बाबा?"

"खाली."

"कुणी भेटलं का खाली?"

"भेटतात माणसं."

हे 'भेटतात माणसं' मला खटकलं. तुम्ही कुणाचं नाव न घेता कधी बोलायचात का? डेपोतल्या कुत्र्यालासुद्धा तुम्ही नावाने हाक मारायचात!

त्यातच तो धूर आला. समुद्रापलीकडची जंगलं जळत होती आणि इथे समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. शाळेने मुलांना मैदानावर सोडणं बंद केलं. तुम्ही मात्र तोंडाला मास्क लावून शुक्रवारी चारला दारात उभे! "आज नको बाबा, छाती भरेल," मी ऑफिसमधून फोन केला. तुम्ही म्हणालात, "वाट बघतील." कोण वाट बघतील? तुम्ही फोन ठेवून दिलात.

मग ती चिठ्ठी सापडली. शर्ट मशिनमध्ये टाकताना मी खिसे बघतेच. घडी घातलेला कागद, त्यावर छापलेलं इंग्रजी वाक्य: इट टेक्स टू टँगो. शेजारी चिनी अक्षरं. खाली पेन्सिलीने काढलेले दोन तळहात, एकमेकांना भिडलेले. आणि तुमच्या अक्षरात, 'शुक्रवारी मेईबाईंना विचारणे.'

टँगो म्हणजे नाच, बाबा! बाई आणि पुरुष गळ्यात गळा घालून करतात तो!

पुढच्या आठवड्यात दुसरी चिठ्ठी. लव्ह मी, लव्ह माय डॉग. त्याखाली तुम्ही लिहिलं होतं, 'घर. कावळा. मेई.' माझी झोप उडाली. हा काय सांकेतिक भाषेचा प्रकार? तुमचा फोन चार्जिंगला होता, तोही मी उघडला. हो, उघडला. त्यात एका चित्राचा फोटो होता: गाय उभी आहे आणि तिच्यापुढे बसून कुणीतरी वीणेसारखं काहीतरी वाजवतंय. मला वाटलं, हा कुठला तरी पंथ आहे आणि त्यांनी तुम्हाला गाठलंय.

समीर म्हणाला, "अगं, सरळ विचार ना त्यांना."

"विचारून कुणी खरं सांगतं का?"

"बाबा सांगतील."

मी नाही विचारलं. शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघाले आणि तुमच्या मागावर, शोधत शोधत, साडेपाचला हॉकर सेंटरमध्ये आले. स्वतःच्या बापाच्या मागावर! उसाच्या रसाच्या स्टॉलशेजारी खांबाआड उभी राहिले. तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर होतात. समोर एक ठेंगणी चिनी बाई, पांढरे झालेले आखूड केस, टेबलं पुसणाऱ्यांचा गणवेश, बाजूला ट्रेची गाडी. दोघांची डोकी एका कागदावर. मग तुम्ही एक हात वर करून हवेत नुसताच हलवलात. त्या बाईने जोरजोरात मान हलवली आणि तुमच्या तळहातावर आपला तळहात मारला. फाटकन आवाज आला. तुम्ही पुन्हा हात पुढे केलात. पुन्हा टाळी. आणि तुम्ही हसलात, बाबा. पोट धरून हसलात. आई गेल्यापासून मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना?

त्या संध्याकाळी जेवताना मी बोलले ते तुम्हाला शब्दन् शब्द आठवत असणार. मला तर पाठ आहे.

"कोण आहे ती बाई?"

तुमचा घास तसाच राहिला. "मेईबाई. ट्रे उचलतात तिथे."

"तिला तुमच्याकडून काय पाहिजे?"

"काही नाही गं."

"मग तुम्हाला तिच्याकडून काय पाहिजे? आईला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, बाबा. लाज वाटते मला."

इरा समोर बसलेली. समीर म्हणाला, "अश्विनी, पुरे." तुम्ही उठलात, ताट धुतलंत, पालथं घातलंत. एक शब्द बोलला नाहीत. का नाही बोललात? तेव्हाच खेकसला असतात, 'मूर्ख मुली, शिकायला जातो मी,' तर? एवढं एक वाक्य! मराठीत तरी तुम्हाला बोलता येत होतं ना!

पुढच्या मंगळवारी तुम्ही गेला नाहीत. शुक्रवारीही नाही. मला वाटलं, जिंकले. महिन्याभराने तुम्ही म्हणालात, घर बंद आहे, वाळवी लागेल, माझं तिकीट काढ. मी काढलं. विमानतळावर तुम्ही इराच्या डोक्यावर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "स्वतःला जप." चार महिन्यांनी शेजारच्या काकांचा फोन आला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच.

आता कालचं सांगते.

मी आणि इरा नूडल्स खात होतो. ट्रेची गाडी आमच्यापाशी थांबली. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी ओळखलं आणि मान खाली घातली, पण त्यांनी इराला ओळखलं, तुमच्या फोनमधल्या फोटोवरून असणार.

"यू अंकल डॉटर?" त्यांनी मला विचारलं. "अंकल लाँग टाइम नो कम."

"ही पास्ड अवे, आंटी."

बाबा, त्यांचा चेहरा उजळला! "पास? अंकल पास? इंडिया गो, एक्झाम पास?" आणि त्यांनी दोन्ही अंगठे वर केले.

"नो, आंटी. ही इज नो मोअर."

"नो मोअर व्हॉट?"

माझ्याकडची सभ्य वाक्यं संपली. "डेड," मी म्हणाले. छातीवर हात ठेवला. "हार्ट. फिनिश."

त्यांनी हातातले ट्रे खाली ठेवले. रबरी मोजे काढले, आधी एक, मग दुसरा. आमच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि रडू लागल्या. मग डोळे पुसून विचारलं, "व्हाय अंकल स्टॉप क्लास?"

"व्हॉट क्लास?" मी म्हणाले.

तर हे असं कळलं मला. लिफ्टपाशी लावलेला कागद वाचून तुम्ही कम्युनिटी क्लबमधल्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलंत, आणि तिथे सगळे चीनमधून आलेले! वर्गाच्या बाई फळ्यावर इंग्रजी म्हण लिहायच्या, खाली तशाच अर्थाची चिनी म्हण, त्याचेच छापील कागद वाटायच्या, आणि समजावणं सगळं चिनीतून. त्यांनी तुम्हाला दुसऱ्या वर्गात जायचं का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आय सिट." बसून राहिलात! तुम्हाला इंग्रजी अक्षरं वाचता यायची पण अर्थ लागायचा नाही. मेईबाईंना चिनी म्हणीतून अर्थ कळायचा पण इंग्रजी वाचता यायचं नाही. मग वर्ग सुटल्यावर कामावर जायच्या आधी त्या तुम्हाला म्हण करून दाखवायच्या आणि तुम्ही त्यांना ती वाचायला शिकवायचात.

डुकरांपुढे मोती टाकू नका, असं इंग्रजीत म्हणतात, आणि चिनीत गायीपुढे वीणा वाजवू नका. मेईबाई टेबलापाशी वाकून गाय झाल्या, मग वीणा वाजवून दाखवली, आणि तुम्ही ओरडलात, "गाढव! गीता!" काल त्यांनी ते मला करून दाखवलं. "गादाव! गीता!" त्यांना अजून वाटतं की हे इंग्रजी आहे.

माझ्यावर प्रेम तर माझ्या कुत्र्यावरही, याला त्यांच्याकडे म्हणतात घर आवडलं की त्यावरचा कावळाही आवडतो. आणि टँगोला चिनीत काय म्हणतात? एका हाताने टाळी वाजत नाही! आपलीच म्हण! त्या शुक्रवारी वर्गानंतर तुमची जुन्या म्हणींची उजळणी चालली होती, म्हणून हसत होतात तुम्ही. आणि मी खांबाआड उभी राहून काय काय रचत होते!

"आय न्यू," इरा म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आजोबा हेल्प्ड मी विथ द प्रॉव्हर्ब वर्कशीट्स. ही सेड सीक्रेट. फर्स्ट टाइम आय टोल्ड हिम, नेव्हर माइंड लाह आजोबा, यू डोन्ट नो इंग्लिश. देन ही वेंट अँड लर्न."

"मग मी ओरडत होते तेव्हा का नाही सांगितलंस?"

"यू वर ओरडिंग, आई," ती म्हणाली.

आठ वर्षांची होती तेव्हा. काय सांगणार ती?

पण माझ्यापासून का लपवलंत? रात्रभर या एका प्रश्नावर मी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. माझे मॅनेजर जेवायला आले होते तो दिवस आठवला. तुम्ही काहीतरी सांगायला लागलात, "आय वॉज बस..." आणि मी हसत हसत म्हणाले, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी सांगते." तुम्ही पाणी आणायला आत गेलात आणि ते जाईपर्यंत बाहेर आला नाहीत. त्याचंच ना हे? नाही म्हणाल तुम्ही. तुमच्या 'नाही'वर माझा विश्वास नाही.

आणखी एक सांगायचंय. मेईबाई म्हणाल्या, तुमच्या शेवटच्या वर्गात तुमचं दोघांचं भांडण झालं. फळ्यावरची इंग्रजी म्हण होती, घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. त्याखाली चिनी म्हण, मेंढी गेल्यावर कुंपणाची डागडुजी. तुम्ही म्हणालात, बैल गेला आणि झोपा केला, सगळं फुकट. त्या म्हणाल्या, मुळीच नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ उलटा. अजून उशीर झालेला नाही असा.

"अंकल से फिनिश, फिनिश," त्या म्हणाल्या. "आय से नो फिनिश! इनसाइड गॉट अदर शीप!"

तुम्ही म्हणालात, विचार करून मंगळवारी सांगतो. मंगळवारी तुम्ही गेला नाहीत. का नाही गेलात ते मी त्यांना काल सांगितलं. सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. मला वाटलं, उठून जातील. त्यांनी इराच्या ताटलीत स्वतःच्या डब्यातलं एक डंपलिंग ठेवलं. मग माझ्याही.

तरी एक शंका माझ्या मनात आहेच, बाबा. स्वभाव जात नाही. नुसत्या म्हणींसाठी कुणी केसांना तेल लावतं का? धुरात मास्क लावून जातं का? तुमचं नाव काढल्यावर त्या बाई ज्या पद्धतीने रडल्या, ते शेजारच्या बाकावरच्या माणसासाठी होतं का? मला खात्री नाही. आणि असलंच काही, तर असू दे. आईलाही चाललं असतं, असं म्हणायचं धाडस मी करत नाही, पण मला चाललं असतं. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. माफ करा, एवढंच लिहू शकते.

निघताना मेईबाईंनी सांगितलं की या शुक्रवारी वर्गाची तोंडी परीक्षा आहे. जोडीने बोलायचं असतं. बाकीच्यांच्या जोड्या ठरल्यात. त्यांच्या शेजारची खुर्ची तुम्ही गेल्यापासून कुणी घेतली नाही, की त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही, ते मी विचारलं नाही. "यू कम?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बघते, ऑफिस असतं.

आज सकाळी मी सुट्टी टाकली. शुक्रवारी चारला मी तिथे असेन, बाबा. वर्गाच्या बाईंनी हो म्हटलं तर मेईबाईंच्या शेजारी बसेन, नाही म्हटलं तर बाहेरच्या बाकावर. त्या अडल्या तर मी सांगणार नाही. त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू देईन, कितीही वेळ लागला तरी.

तुमची,
अश्विनी