केसाहून बारीक टाके

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, तेवढं पुरे. नऊ वर्षांनी लिहितेय. डावी पापणी उघडत नाही, म्हणून ओळी वाकड्यातिकड्या जाताहेत.

महिन्यापूर्वी दुकानात कॉलर जोडताना एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून अंगावर काढलं. मग पापणी पडली ती पडलीच. तपासणीत निघालं, मेंदूतली नस फुगलीय. एरवी नसेला बाजूला फुगा येतो, त्याला चिमटा लावून बंद करतात. माझी तर नसच पेरभर लांब सुजलीय, चिमट्याला जागाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं क्वचितच दिसतं." मी म्हटलं, लॉटरी कधी लागली नाही, ही बरी लागली! त्या हसल्या नाहीत.

कवटी उघडून, हातातली नस काढून तिथे जोडणार. रक्ताला नवी वाट करून द्यायची आणि सुजलेली बंद करायची. केसाहून बारीक दोऱ्याने दहा-बारा टाके. मी विचारलं, "टाका उसवला तर?" त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. "शिवणाऱ्या बाईला खोटं काय सांगू? वाचा जाऊ शकते, उजवा हात जाऊ शकतो, जीवही." आणि नाही केलं तर? "फुटली तर वेळच मिळायचा नाही." इकडे आड, तिकडे विहीर. मुलीला डोळ्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. फार भीती वाटते गं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय? आई, मी म्हटलं. तू तिच्याशी भांडून गेलीस आणि तासाभरात ती डोकं धरून कोसळली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "छातीठोक सांगता येणार नाही, पण तीही नसच फुटली असेल. कुणाच्या बोलण्याने नस सुजत नाही, ती आधीपासून सुजलेली असते." ताई, चार माणसांत मी तुला म्हटलं होतं, आईला तू खाल्लंस. उद्या सकाळी मला आत नेतील. माफी मागायला वाचा उरेल की नाही कोण जाणे, म्हणून हात चालतोय तोवर लिहितेय. हे बहिणीबहिणींतही असू शकतं म्हणे. मला माफ करू नकोस, माझं तोंड बघायलाही येऊ नकोस. पण पत्र मिळेल त्याच दिवशी जाऊन डोक्याची तपासणी करून घे. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

तुझीच,
धाकटी