आईशेजारची जागा

ओविद,

सर्व संतांच्या दिवसासाठी, थडगं रंगवायला, तू एकोणीस वर्षांनी गावी आलास. आईच्या थडग्याला तू स्वतः चुन्याचे दोन हात दिलेस आणि मी नुसती बादली धरून उभी राहिले. क्लोव्हिसकाका ओरडला, "अहो ह्यूस्टनवाले, थडगं रंगवा, बूट नका रंगवू!" सगळी दफनभूमी हसली, तूही हसलास. पण तू सोडून तिथे हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की ते थडगं रिकामं आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या वादळात बायूचं, आपल्या त्या संथ खाडीचं, पाणी चढलं आणि आईची शवपेटी थडग्यातून उचलून दलदलीत घेऊन गेलं. इतरांच्या पेट्या सापडल्या, आईची नाही. तू फोनवर विचारलंस, "आई ठीक आहे ना गं?" तुझं पहिलं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी म्हटलं, "जागच्या जागी आहे." नंतर सांगू म्हटलं, ते राहूनच गेलं. गावालाही मीच गप्प बसवलं. अजूनही खेकड्यांचे पिंजरे ओढताना माझे डोळे गवतात तिलाच शोधत असतात.

निघताना तू ओल्या चुन्याला गाल टेकवलास आणि म्हणालास, "ताई, डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतची मुदत दिलीय. मला इथेच ठेव, आईशेजारी. म्हणजे एकटं नाही वाटणार."

मी "बरं" म्हटलं.

हे पत्र पोस्टात टाकलं, तर तू कोणाशेजारी झोपशील?

तुझी,
अझेली