टेपवरच्या बाईचे सहा शब्द

सर, आज सकाळी पापुआ न्यू गिनीहून एका शाळामास्तरांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुमच्या पुस्तकातल्या चार भाषांपैकी चौथी, ती त्यांची. मुलांसाठी पहिलं पुस्तक छापायला निघालेत आणि शब्द तुमच्या पुस्तकातून घेतलेत. म्हणाले, "मॅडम, यातले सहा शब्द आमचे नाहीत, नदीपलीकडच्या गावाचे आहेत. पोरं घरी जाऊन बोलतात आणि म्हाताऱ्या हसतात." तुमच्या टेपवर बोलणारी बाई त्यांची आजी. तिच्या जावयाचं, व्याह्यांचं, दिरांचं नाव म्हणजे पाणी, दगड, विस्तव असलेच शब्द. त्यांच्यात सोयऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाहीत, म्हणून तिने ते शब्द टाळून शेजारच्या भाषेतले सांगितले. ते पहिल्या तीन भाषांशी जुळतात, म्हणून तुम्ही नेमके तेच धरून चौथी भाषा त्या तिघींच्या कुळात घातलीत. ते सहा काढले की ती बाहेर पडते, आणि तुमचं पुस्तक लंगडं होतं. उद्या सकाळी दहाला ते पुन्हा फोन करणार आहेत. छपाई माझ्या उत्तरासाठी थांबली आहे. तुम्ही गेल्यावरही काकूंनी ते पुस्तक सस्काटूनच्या घरात अजून देवाशेजारी ठेवलंय, सर. काकूंना मी काय सांगू?

ती दुपार मला लख्ख आठवते. तुमच्या बेसमेंटमध्ये आपण दोघं टेप ऐकतोय, वर काकू पोहे करतायत. टेपवर तुम्ही त्या बाईला 'पाणी'साठी शब्द विचारता. मग ती हसते, कुणाशी तरी कुजबुजते आणि शब्द सांगते. मी टेप थांबवून विचारलं, "सर, ही हसली का?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "हसण्याचं भाषाशास्त्र शिकायला आलीयस का इथे? आधी ट्रान्सक्राइब कर, मग डोकं चालव." मी मान खाली घालून लिहीत राहिले. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा विद्यार्थ्यांना रंगवून सांगितला. त्यात मी नेहमी चौकस मुलगी आणि तुम्ही तिरसट म्हातारे. तुमचा राग यायचा मला, आजही येतो.

मास्तरांना मी खरं ते सांगणार आहे, ते शब्द काढा म्हणणार आहे. पोरांच्या तोंडी परके शब्द घालायचा आपल्याला काय अधिकार? पण ते मला विचारतील, 'तुम्हाला हे कधी कळलं?' 'आत्ताच, तुमच्याकडूनच,' हे उत्तर मी दुपारपासून घोकतेय.

ते खोटं आहे, सर. त्याच दुपारी आपण पोहे खायला वर गेलो, तेवढ्यात क्लिनिकमधून फोन आला. त्यांनी काकूंना नवऱ्याचं नाव विचारलं. काकू हसल्या, रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाल्या, "तूच सांग गं बाई." टेपवरचंच हसू होतं ते. तुम्ही समोर बसून लिंबू पिळत होता, तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण रेजिना विद्यापीठातल्या माझ्या नोकरीसाठी शिफारसपत्रावर तुमची सही व्हायची होती, म्हणून मी गप्प बसले.