राळ कुणी उडवायची

प्रिय अमृत,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू नुसतं 'बोल मामा' म्हणालास तरी मला हसू फुटतं आणि महत्त्वाचं राहून जातं. शिवाय तुझी रुपालीवहिनी शेजारीच भाकरी थापत असते, तिच्यादेखत हे बोलवत नाही. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, गोड मानून घे.

माझ्या पोराचा, समर्थचा पाय मोडल्यामुळे यंदा बोहाड्याच्या जत्रेत आपल्या घरचं वेताळाचं सोंग तू नाचवणार, हे मी राजूरच्या बाजारात इतक्यांना सांगितलं, की मिरचीवाली छबूबाई म्हणाली, "व्हय वं, कळलं! तुमचाच भाचा हाय!" आनंद आहेच रे. पण मुखवट्याआडून धड दिसत नाही, आणि समोर टेंभ्यावर राळेची पूड फेकली की माणसाएवढा भडका उठतो. मूठ जराशी चुकली तर तोंड भाजतं, नाहीतर पूड छातीत जाते. लोक भडका बघतात, मी तुझं तोंड बघतो.

होळीला तू सरावाला आलास ते आठवलं की अजून हसून पोट दुखतं. राळ फेकण्याआधी आम्ही 'दम!' असं ओरडतो, म्हणजे सोंगाने श्वास कोंडायचा. तू केडगावात राहून शहाणा झालेला. तुला वाटलं मामा 'दम घे' म्हणतोय, आणि घेतलास की छाती भरून! नशीब, टेंभा विझलेला होता आणि माझ्या मुठीत राळेऐवजी चुलीतली राख होती. तू ठसकत होतास, गाव खिदळत होतं. रुपाली तेवढी हसली नाही. म्हणाली, "आबा, शब्दच बदला. 'मिट' म्हना. डोळं बी मिटत्यात, तोंड बी."

तेव्हापासून ती रोज परसात राख उडवून हात बसवतेय. वारा सोंगाकडे वाहत असला तर मूठ उघडतच नाही. तुझ्या नाकावर ओली करून बांधायला जुन्या लुगड्याची दुहेरी पट्टी शिवून ठेवलीय. नायलॉनचा सदरा घालून आलास तर सगळ्यांसमोर उतरवायला लावेल, सांगून ठेवतो.

आता खरं कारण. यंदा मी राळ उडवणार नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. परवा टेंभा पेटवला तर मला दोन दिसले, खरा कुठला ते कळेना. हे पंचांना कळलं की ते अंगदच्या हाती राळ देतील, आणि त्याला भडका मोठा तेवढी शाबासकी मोठी वाटते. मी रुपालीचं नाव काढलं तर म्हणतील, म्हातारा सुनेला पुढं करतोय. पण राळ कुणी उडवायची हे ठरवायचा मान सोंग नाचवणाऱ्याचा, तुझा शब्द कुणी मोडणार नाही. पाडव्याच्या बैठकीला ये आणि तिचंच नाव घे. माझ्या हातची राळ सुटली याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तुझा चेहरा थेट आमच्या आक्काचा आहे. तुझी आई गेल्यापासून तिला बघावंसं वाटलं की मी काहीतरी निमित्त काढून तुला गावी बोलावतो. तुला वाटतं, मामाचं काहीतरी काम असेल. काम तेवढंच असतं.

तुझाच,
मच्छिंद्रमामा