बिनकाठाचं लुगडं

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं. आज मुद्दाम बसले. दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न कायद्यानं मानावं की नाही, यावर सध्या पेपरात वाद चाललाय. मोठमोठी माणसं धर्माचे दाखले देतायत. म्हटलं, यांच्यापेक्षा अमरावतीचा माझा भटजी बाप बरा.

राजापेठेतल्या घरी तुम्ही अंतरपाटाची घडी घालताय, मी पोळ्या लाटतेय. तुम्ही माझ्यासाठी आणखी एक स्थळ आणलेलं, म्हणून मी चिडून विचारते, लग्नाला एवढी माणसं लागतातच कशाला? तुम्ही शांतपणे म्हणता, "मंत्र तं मी एकटाई म्हणतो वं. पण उद्या एकाले काई झालं, तं सांगाले कोणाकडे धावावं, हे चार लोकाईले ठाऊक पायजे. लग्न त्याच्यासाठी असते."

पुढे मी अकोल्याला मास्तरीण झाले आणि शाळेतल्याच एका मास्तरणीबरोबर, तिच्याबरोबर, एका बिऱ्हाडात राहू लागले. ती गणित शिकवायची आणि वरणात मीठ घालायला विसरायची. तुम्ही आलात की ते आळणी वरण मुकाट्यानं जेवायचात. काही विचारलं नाहीत. आम्ही संसार करत होतो बाबा, त्याला दुसरा शब्द नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती भावाकडे अचलपूरला गेली आणि तिथंच तापानं वारली. माझ्याकडे कोणी धावलं नाही. त्यांच्या लेखी मी तिच्या बिऱ्हाडातली एक बाई. शाळेच्या शिपायाकडून मला कळलं, तोवर अस्थीसुद्धा नदीत गेल्या होत्या. तेरवीला नातलगांनी तिच्या भावाला दुखवट्याचे कपडे दिले, आणि मी परक्या बायकांच्या पंगतीत बसून उठले. एकत्र राहा की सुखानं, लग्न कशाला हवं, असं म्हणणाऱ्यांना मला ती पंगत दाखवायची आहे.

माझं कार्ड मिळताच तुम्ही एसटीनं आलात. पाणीही न घेता पिशवीतून लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलंत. पांढरं, बिनकाठाचं. नवरा गेलेल्या लेकीला बाप नेतो तसलं. कुमारिकेच्या घरात असं लुगडं आणणं किती अशुभ, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"बाबा, मी तिची कोण?"

"मले नको विचारू. नेस," म्हणालात आणि रडलात.

तुमच्या पत्त्यावर आता दुसऱ्याच कोणाचं घर आहे, तेव्हा हे पत्र कुठं टाकणार? लुगडं मी विरेपर्यंत नेसले. तुमच्याएवढं कोणत्याच बापानं केलं नसतं, हे मनाशी म्हणत आले. पण एक गोष्ट मनाशीही बोलले नव्हते. पिशवीत हात घालण्याआधी तुम्ही उठून दाराची कडी लावली होती. बाहेर ओसरीवर चार शेजारणी बसल्या होत्या. त्यांनी पाहायला हवं होतं, बाबा.