एकोणीस सुया

२ डिसें. २००२, सोम.
बोरगावहून नेहमीची बस चुकली. आरोग्य केंद्रावर पोचले तेव्हा पावणेदहा. डॉक्टरसाहेब माझ्याआधी हजर. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं फक्त. बोलले असते तर बरं वाटलं असतं. बाहेर ही गर्दी आणि सिस्टर मी एकटी. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर.

टीबीचा जुना पेशंट परत आला. वसंता ढोले, कापसाच्या जिनिंगमधला फिटर. दोन वर्षांमागे खोकला थांबला तसा औषध सोडून मोकळा झाला होता. आता थुंकीत पुन्हा जंतू. म्हणजे या वेळी गोळ्या तर आहेतच, वर स्ट्रेप्टोमायसिनच्या चोवीस सुया. सोम-बुध-शुक्र. सगळ्यांसमोर झापलं त्याला. म्हटलं, एक जरी सुई चुकली तर मला तोंड दाखवू नका. बायको, कांताबाई, माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तो म्हणाला, "नाई चुकत बाई. या खेपेले पुरा कोर्स करतो."
पहिली सुई दिली. घरी येऊन गुडघ्यांना तेल. स्वयंपाक लेकीने, मीनलने केला.

४ डिसें., बुध.
स्ट्रेप्टो कानावर जाते, तोलावर जाते. म्हणून दर सुईला विचारायचं: कानात आवाज? चक्कर? वसंताला विचारलं तर हसायला लागला. "आवाज येते नं बाई. वीस वर्सं झाले. जिनात काम करनाऱ्या कोन्या मानसाच्या कानात येत नाई?"
रांगेतले दोघेतिघे हसले, मीही हसले. खोटं नाही. कापसाचा मोसम, मशिनी बंद म्हणून होत नाहीत. कांताबाईने कौतुकाने सांगितलं की हा नुसत्या आवाजावरून ओळखतो कुठल्या मशीनचा रोलर घासतोय ते. मालक त्याला विचारल्याशिवाय पट्टा बदलत नाही.
माझ्या रजिस्टरात 'कान' या रकान्यात लिहिलं: तक्रार नाही.

९ डिसें., सोम.
टेट्रासायक्लिन आठवडाभर घेऊन फरक पडला नाही म्हणून एक आजी भांडायला आली. कशासोबत घेता? "दुधासंगं. गोळी गरम पडते नं." दुधाने ही गोळी अंगी लागतच नाही, हे मी किती वर्षं सांगतेय देव जाणे. इथे प्रत्येक औषध गरम. त्यानंतर एक जण लघवी लाल झाली म्हणून रडवेला. रिफॅम्पिसिनने होतेच, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ऐकतं कोण.
वसंता वेळेवर. चौथी.
मीनलची जानेवारीत परीक्षा, नर्सिंगचं दुसरं वर्ष. अँटिबायोटिकचे गट घोकतेय. मी म्हटलं, घोकू नको, समजून घे. मोठी शहाणी मी.

१८ डिसें., बुध.
पेनिसिलिनची टेस्ट एकाला दिली. हातावर थोडंसं टोचायचं, पेनाने भोवती गोल काढायचा, अर्धा तास समोर बसवायचं. हा गोल घेऊन बसस्टँडवर चहा प्यायला गेला. शिपायाला धाडलं धुंडायला. काही झालं असतं तर?
वसंताची आठवी. सुईनंतर ओठांना मुंग्या येतात म्हणाला. तेवढं होतंच या सुईने. स्ट्रेप्टोची पूड विरघळवून विरघळवून माझीच बोटं खाजताहेत, त्याचं कोणाला सांगू.
रजिस्टर सकाळी भरायला जमत नाही. दुपारी एकदम बसून भरलं. तक्रार नाही, खाली तक्रार नाही, त्याच्या खाली आणखी तेच.

२७ डिसें., शुक्र.
बारावी. उठताना वसंताने भिंत धरली. "जरासं गरगरते बाई." उपाशी आला होता. म्हटलं भाकर खाऊन येत जा. डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. वजन मात्र दोन किलो वाढलं, खोकला जवळपास नाही. बरं वाटलं. या महिन्यात एवढी एकच गोष्ट बरी झाली.

६ जाने. २००३, सोम.
वसंता सायकलवर येत असे, आज पायी. कांताबाईचा हात धरून, पाय फाकवून चालत होता. विचारणार तेवढ्यात एका पोराला घेऊन आले, को-ट्रायमोक्साझोलने अंगभर पुरळ. त्याची आई माझ्या अंगावर धावली, औषध मी बनवल्यासारखी. ते निस्तरेपर्यंत वसंता पडद्यामागे जाऊन तयार. सोळावी दिली. तो गेल्यावर आठवलं, विचारायचं राहिलं.

१२ जाने., रवि.
वांगी चिरत होते. मीनल समोर पुस्तक घेऊन. "आई, ऐक. अमिनोग्लायकोसाइड. स्ट्रेप्टो, जेंटा, अमिकासिन. धोका कान आणि किडनी. नर्सने काय पाहायचं, तर लघवी किती होते, चालताना तोल, आणि सुरू करण्याआधीच कान तपासून नोंद ठेवायची." बरोबर, म्हटलं. तिने पुस्तक खाली ठेवलं. "पण एखाद्याच्या कानात आधीपासूनच आवाज असला तर? जुना कोणता आणि नवा कोणता, कसं कळणार?"
मी म्हटलं, विचारायचं त्याला.
"काय विचारायचं?"
भाजीत मीठ दोनदा पडलं. मी त्याला आवाज येतो का एवढंच विचारत होते. बदलला का, हे एकदाही नाही. इतकी वर्षं नोकरी केली आणि

१३ जाने., सोम.
डॉक्टरसाहेब समुद्रपूरला मीटिंगला. वसंताला बाजूला घेऊन विचारलं, "कानातला आवाज तोच आहे ना, वसंताभाऊ? पहिल्यासारखाच?" "तोच," म्हणाला. फार पटकन म्हणाला. चक्कर? "कमी हाय."
मला तेच ऐकायचं होतं. सुई दिली. एकोणिसावी. डॉक्टर नव्हते म्हणून दिली, असं इथे लिहिणार होते. लिहीत नाही. मी थांबू शकत होते.

१५ जाने., बुध.
कांताबाई आधी एकटी आत आली. वसंता बाहेर बाकावर. हळूच म्हणाली, "बाई, यायले आता मशीन आयकू येत नाई." सोमवारी सात नंबरच्या मशीनचा रोलर घासत होता. हा शेजारी उभा राहून म्हणे, ठीक आहे. धूर निघाला तेव्हा दुसऱ्यांना कळलं. कोणाला लागलं नाही, पण मालकाने आवाज ऐकायचं काम दुसऱ्याला दिलं. याने आता नुसते नट आवळायचे.
बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले. मोठ्याने विचारावं लागलं.
"हा दुसरा आवाज हाय," तो म्हणाला. "बारीक. पयला सकाळी उठलो का कमी होये. हा जातच नाई."
"कधीपासून?"
"नाताळाच्या आंगंमांगं."
"मग काऊन नाही सांगितलं?"
"तुमी सुई बंद केली असती नं. सुई चुकली तं तोंड दाखवू नोका, म्हनलं होतं तुमी."
रागाने म्हणाला नाही. मी उठून आत गेले.
डॉक्टरसाहेबांनी विचारलं, किती दिवसांपासूनचं आहे. आजच कळलं, म्हणता आलं असतं. रजिस्टरही माझ्याच बाजूने बोलत होतं, एकोणीस वेळा. सगळं सांगितलं: मी कसं विचारत होते, दुपारी एकदम कसं भरत होते, सोमवारची सुई. ते म्हणाले, "भिंत धरली तेव्हा मी बी-कॉम्प्लेक्स दिलं, सिस्टर. मीपण बघायला हवं होतं." स्ट्रेप्टो बंद. बाकी गोळ्या चालू. झालं ते दोघांनी लिहून वर, जिल्ह्याला पाठवायचं ठरलं.
सिंदीला त्याची मुलगी दिली आहे, तिला निरोप धाडते म्हणाली कांताबाई.

२२ जाने., बुध.
रजा टाकून दोघांबरोबर वर्ध्याला गेले, कान तपासायला. जायला मला कोणी सांगितलं नव्हतं. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून दिसत होतं. तो डोळे घट्ट मिटून बसला होता, बोट बटणावर, आणि बोट हलत नव्हतं. कांताबाई मला सारखी विचारत होती, "आता आला असन नं आवाज?" मी हो म्हणत होते.
कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. बारीक आवाजाची बाजू पार खाली गेलेली. "यातलं जिनिंगचं किती आणि इंजेक्शनचं किती, मी सांगू शकत नाही. सुरू करायच्या आधीचा रिपोर्ट आहे का?"
नाही, मी म्हटलं.
औषध बंद झाल्यावरही काही आठवडे कान उतरू शकतो. इथेच थांबेल असंही होऊ शकतं. महिन्याने परत या.
येताना बसमध्ये तो खिडकीशी. मी मागच्या बाकावर, पूर्ण रस्ता. माफ करा, एवढं म्हणायचं होतं. मोठ्याने म्हणावं लागलं असतं, सगळ्या बसला ऐकू गेलं असतं. म्हणून नाही म्हटलं. हे कारण मला स्वतःलाच पटत नाही.

२९ जाने., बुध.
आता सुईच्या प्रत्येक पेशंटला बसवून विचारते. आवाज आहे का, कसा आहे, बदलला का. घड्याळ कानाशी धरून टिकटिक येते का बघते, चालून दाखवायला लावते. रांग कुरकुरते. कुरकुरू दे. वरून अजून काही उत्तर नाही. मीनलचा पेपर बरा गेला, हाच प्रश्न आला होता म्हणे.
वसंता आला, काठी घेऊन. माझ्यासमोर गोळ्या घेतल्या, पाणी प्यायला. पुढच्याला हाक मारली तर हा पडद्यामागे जाऊन उभा, नेहमीसारखा. मी आत गेले. मोठ्याने म्हटलं, सुई बंद झाली, वसंताभाऊ. आता नुसत्या गोळ्या.
त्याने माझ्यापुढे हाताची पाचही बोटं धरली. "पाच राह्यल्या बाई."
गोळ्या पुरेशा आहेत, म्हटलं. दोनदा म्हटलं.
"मांगच्या खेपेले मी सोडलं, तं बिमारी वापस आली," तो म्हणाला. "आता तुमी सोडून राह्यल्या."
थुंकी फेब्रुवारी संपताना तपासायची, गोळ्या पुरल्या का ते तेव्हाच कळणार. त्याआधी त्याला काय सांगू, मलाच माहीत नाही. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता, आणि वसंता पडद्यामागून हलेना.